श्वास घेणारी मुळे

(पाठपरिचय : समुद्राच्या खाडीत, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात. हवा नसलेल्या चिखलात ही झाडे कशी जगतात, ते शास्त्रज्ञांनी कसे शोधून काढले आणि त्या शोधाचा आज आपल्याला काय उपयोग होतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी मोगऱ्याची किंवा पुदिन्याची एखादी कुंडी असेल. ती उचलून तिचा तळ पाहा. तळाला एक भोक असते. ते कशासाठी ठेवतात? जास्तीचे पाणी वाहून जावे म्हणून, असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे. पण पाणी कुंडीत साचून राहिले, तर काय बिघडते? झाडाला तर पाणी हवेच असते!

याचे कारण असे की झाडाची मुळे जिवंत असतात आणि त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये लहान लहान पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत हवा असते. मुळे त्या हवेतील ऑक्सिजन घेतात. पाणी साचले, की पोकळ्या पाण्याने भरून जातात. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो स्थिर पाण्यातून पसरतो. त्यामुळे मुळांना तो पुरेसा मिळत नाही. ती गुदमरतात, कुजतात आणि वरचे झाड पिवळे पडून मरते. पाणी जास्त झाले म्हणून झाड मेले, असे आपण म्हणतो. खरे पाहता ते हवेवाचून मरते.

आता एक अवघड प्रश्न विचारतो. जगात अशी झाडे आहेत, की ज्यांची मुळे जन्मभर पाण्याने भरलेल्या चिखलात असतात. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी त्यांच्या बुंध्यापर्यंत चढते. ते पाणीसुद्धा गोडे नसते, खारे असते. तरीही ही झाडे हिरवीगार राहतात. ती कशी जगत असतील बरे?

ही झाडे फार दूर शोधायला नकोत. मुंबईच्या लोकलने मानखुर्दहून वाशीला जाताना किंवा नायगावहून भाईंदरला येताना गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते. तेव्हा दोन्ही तीरांवर चिखलात उभे असलेले हिरवे जंगल दिसते. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत आणि कोकणातील इतर खाड्यांतही ते आहे. हेच खारफुटीचे जंगल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या सुमारे २० जाती आढळतात. त्यांतील तिवर, कांदळ आणि चिप्पी ही नावे किनाऱ्यावरच्या लोकांना चांगली ठाऊक असतात. गुजरातमध्ये तिवराला चेर म्हणतात, तर सिंधच्या किनाऱ्यावर खारफुटीला तिमर म्हणतात. तुम्ही मालेगाव, नांदेड अशा समुद्रापासून दूरच्या गावी राहत असाल, तर कोकणात गेल्यावर ही झाडे अवश्य पाहा.

तिवराजवळ ओहोटीच्या वेळी गेलात, तर एक गंमत दिसेल. झाडाच्या भोवती चिखलातून शेकडो काड्या सरळ वर आलेल्या असतात. कोणीतरी जमिनीत पेन्सिली रोवून ठेवल्या आहेत, असे वाटते. प्रत्येक काडी साधारण वीतभर उंच असते. या काड्या म्हणजे तिवराची मुळेच आहेत. इतर झाडांची मुळे खाली जातात, ही मात्र खालून वर येतात. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याच्या खोडातून कमानीसारखी मुळे फुटून चिखलात उतरतात. जणू ते झाड अनेक पायांवर उभे आहे!

वर आलेल्या या मुळांवर बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांना वल्करंध्रे म्हणतात. मुळांचा आतला भाग स्पंजासारखा पोकळ असतो. त्यामुळे ही मुळे श्वासासाठी असावीत, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटत होते. पण विज्ञानात नुसते वाटून भागत नाही. ते प्रयोगाने सिद्ध करावे लागते.

हे काम पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर केले. शोलँडर यांचा जन्म १९०५ साली स्वीडनमध्ये झाला. ते नॉर्वेत वाढले. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण त्यांचे मन रमले ते वनस्पतींत. आपण मसाल्यात दगडफूल वापरतो ना? तशा प्रकारच्या दगडफुलांचा त्यांनी आधी अभ्यास केला. पुढे, समुद्रात बुडी मारणारे सील प्राणी इतका वेळ श्वास कसा रोखून धरतात, याचाही त्यांनी शोध घेतला. मग त्यांचे लक्ष चिखलात 'बुडी मारून' राहणाऱ्या झाडांकडे गेले, यात नवल ते काय!

शोलँडर यांचा प्रयोग अगदी साधा होता. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवर वाढणारे तिवर आणि कांदळ हे आपल्याकडील तिवर-कांदळाचे जातभाईच आहेत. त्यांच्या चिखलाखालच्या मुळांतील हवा त्यांनी तपासली. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. कांदळाच्या चिखलाखालील मुळांत तो १५ ते १८ टक्के निघाला. बाहेरच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नाही आणि मुळाच्या आत मात्र एवढा! तो आला कोठून?

मग त्यांनी वर दिसणाऱ्या मुळांवरील छिद्रांना ग्रीस फासले. यंत्राला लावतात तेच चिकट ग्रीस. छिद्रे बंद झाली. दोन दिवसांत चिखलाखालच्या मुळांतील ऑक्सिजन उतरून २ टक्के किंवा त्याहूनही कमी झाला. शंकेला जागा उरली नाही. झाड त्या छिद्रांवाटेच श्वास घेत होते. हे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. भरती आली, की तिवराच्या या काड्या पाण्याखाली जातात. छिद्रांतून पाणी आत शिरत नाही, पण हवाही येत नाही. तेवढा वेळ मूळ आपल्या पोकळीत साठलेला ऑक्सिजन वापरते. श्वसनात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो. त्यामुळे मुळाच्या आतला हवेचा दाब कमी होतो. ओहोटी लागली आणि छिद्रे उघडी पडली, की बाहेरची ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणजे भरतीबरोबर श्वास रोखायचा आणि ओहोटीबरोबर श्वास घ्यायचा! म्हणूनच या मुळांना श्वसनमुळे असे नाव आहे.

आता खाऱ्या पाण्याचे कोडे पाहू. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. असे पाणी मोगऱ्याला घातले, तर तो सुकून जाईल. खारफुटीची मुळे मात्र पाणी आत घेतानाच ९० टक्क्यांहून अधिक मीठ बाहेर अडवतात. हे काम सोपे नाही. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी वेगळे करायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २५ पट जोर लागतो. एवढा जोर झाड कोठून आणते? पानांतून पाण्याची वाफ होते. त्यामुळे खोडातील पाण्याचा स्तंभ वरच्या बाजूला ताणला जातो आणि मुळे पाणी ओढून घेतात. शोलँडर यांनी हा ताण मोजण्याची एक युक्ती काढली. तोडलेली डहाळी त्यांनी पोलादी डब्यात बंद केली आणि तिचे तुटलेले टोक तेवढे बाहेर ठेवले. मग डब्यातील दाब वाढवत नेला. ज्या दाबाला टोकावर रस दिसू लागला, तेवढा ताण डहाळीत होता, हे कळले. खारफुटीत हा ताण हवेच्या दाबाच्या ३० ते ६० पट निघाला. हे मोजमाप त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. आपल्याला ज्या कामासाठी मोठाली यंत्रे आणि वीज लागते, ते काम हे झाड उन्हाच्या जोरावर गुपचूप करते.

थोडे मीठ तरीही आत जातेच. तिवर ते पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी त्याच्या पानांवर मिठाचे पांढरे कण दिसतात. कांदळाच्या पानांत अशा ग्रंथी नसतात. तो मुळांशीच मीठ अधिक काटेकोरपणे अडवतो.

अशी ही झाडे चिवट आहेत. पण त्यांची खरी किंमत आपल्याला फार उशिरा कळली. पूर्वी खाडीकाठच्या या जागेला लोक 'पडीक दलदल' म्हणत. चिखल, डास आणि घाण वास यांपलीकडे तेथे काय आहे, असे त्यांना वाटे. कोळ्यांचे आणि रत्नागिरीकडील दालदी मच्छीमारांचे मत मात्र वेगळे होते. कोळंबी, खेकडे, निवट्या आणि अनेक माशांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाला वाढतात, हे त्यांना माहीत होते. खारफुटी गेली, की जाळे रिकामे येते. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. तेही याच चिखलातील शेवाळावर जगतात. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

वादळातही ही झाडे माणसाच्या उपयोगी पडतात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आले. हजारो माणसे दगावली. पुढे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या संशोधकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील शेकडो गावांची माहिती तपासली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यू कमी झाले होते. वादळाची सूचना वेळेवर मिळाल्यामुळे त्याहूनही अधिक प्राण वाचले, हेही त्यांनी २००९ साली स्पष्टपणे लिहिले. खारफुटीने वादळ थांबत नाही. पण लाटांचा जोर कमी होतो.

मुंबईने असा धडा २६ जुलै २००५ रोजी घेतला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. एवढ्या पावसाने हानी होणारच होती. पण नदीचे पात्र अरुंद झाले होते आणि मुखाजवळची खारफुटी भराव घालून नाहीशी केली होती. त्यामुळे पाण्याला पसरायला जागाच राहिली नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात खारफुटीसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. खारफुटी नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला घालणे होय, असे न्यायालयाने २०१८ साली सांगितले. २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी होती.

मग आता काळजी संपली का? नाही. येथेच शोलँडर यांचा तो साधा प्रयोग आठवावा लागतो. झाड मारण्यासाठी कुऱ्हाडच लागते, असे नाही. त्याचा श्वास अडवला तरी पुरते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. एका जहाजातून तेल सांडले आणि त्याचा तवंग भरतीबरोबर किनाऱ्यावरच्या खारफुटीत शिरला. श्वसनमुळांवर तेलाचा काळा थर बसला. जे शोलँडर यांनी चार मुळांवर मुद्दाम केले, तेच येथे अपघाताने शेकडो झाडांवर झाले.

अपघात रोज होत नाहीत. पण रात्रीच्या वेळी खाडीकाठी येऊन राडारोडा टाकणारे ट्रक नेहमीचे आहेत. विटा, माती आणि सिमेंट यांच्या ढिगाखाली त्या वीतभर काड्या गाडल्या जातात. प्लॅस्टिकच्या पिशव्या मुळांना गुंडाळून बसतात. कोठे बांध घालून भरतीची वाट बंद केली जाते, तर कोठे पाणी आत अडकून ओहोटीच होत नाही. झाडाला कोणी हात लावलेला नसतो. काही महिन्यांनी ते वाळते. मग लोक म्हणतात, "झाड आपोआप मेले. आता ही जागा मोकळीच आहे." आपोआप काही मरत नाही, मुलांनो. ते झाड गुदमरून मेलेले असते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणी फसवू शकत नाही.

झाडे लावतानाही हेच ज्ञान उपयोगी पडते. उत्साहाच्या भरात लोक चुकीच्या जागी रोपे लावतात. जेथे भरतीचे पाणी पोचत नाही किंवा जेथून ते कधी उतरतच नाही, तेथे ती टिकत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रॉबिन लुइस या शास्त्रज्ञाने वेगळा मार्ग दाखवला. त्यांनी आधी भराव काढून जमिनीची उंची योग्य केली आणि भरती-ओहोटीची वाट मोकळी केली. पुढचे काम निसर्गाने केले. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते. तिची शेंगेसारखी लांब रोपे पाण्यात पडतात, तरंगत जातात आणि योग्य चिखल मिळाला की मूळ धरतात. पाण्याबरोबर अशी रोपे आली आणि जंगल पुन्हा उभे राहिले.

तेव्हा मित्रांनो, खाडीकाठी गेलात तर चिखलातून वर आलेल्या त्या काड्यांकडे नीट पाहा. त्या तुडवू नका, त्यांच्यावर कचरा टाकू नका. ओहोटीच्या वेळी त्या उघड्या आहेत ना, तेवढे बघा. त्या उघड्या असतील, तर झाडाचा श्वास चालू आहे.

शब्दार्थ

खाडी – समुद्राचे पाणी जमिनीत शिरून झालेला फाटा
भरती – समुद्राचे पाणी वर चढणे
ओहोटी – समुद्राचे पाणी खाली उतरणे
वीत – पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
गुदमरणे – श्वास कोंडणे
दलदल – पाण्यामुळे मऊ झालेली चिखलाची जागा
तवंग – पाण्यावर पसरलेला तेलाचा पातळ थर
भराव – खोल जागा भरण्यासाठी टाकलेली माती, दगड इत्यादी
राडारोडा – पाडलेल्या बांधकामाच्या विटा, माती, दगड
चिवट – सहज न तुटणारा. संकटात टिकून राहणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुंडीत पाणी साचले तर मुळे का कुजतात?
(आ) वल्करंध्रे म्हणजे काय?
(इ) तिवर जास्तीचे मीठ कसे बाहेर टाकतो?
(ई) महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष कोणता?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शोलँडर यांनी मुळांना ग्रीस का फासले? त्यातून काय सिद्ध झाले?
(आ) ओहोटी लागल्यावर श्वसनमुळांत ताजी हवा कशी येते?
(इ) "झाड आपोआप मेले" असे लोक म्हणतात. लेखकाला हे का पटत नाही?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(भरती, कोळंबी, ऑक्सिजन, कमान)
(अ) कांदळाची मुळे ......... सारखी दिसतात.
(आ) चिखलात ......... जवळजवळ नसतो.
(इ) ......... आली की श्वसनमुळे पाण्याखाली जातात.
(ई) खारफुटीच्या आडोशाला ......... वाढते.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
भरती, गोडे, सोपा, वर, रुंद

प्र. ५. भाषाभ्यास. पाणी, जंगल, जहाज हे शब्द उर्दूतही आहेत. उर्दूत ते पुल्लिंगी आहेत. मराठीत मात्र ते नपुंसकलिंगी आहेत. म्हणून आपण 'ते पाणी', 'ते जंगल', 'ते जहाज' असे म्हणतो. पाठातून आणखी चार नपुंसकलिंगी शब्द शोधा आणि त्यांच्या आधी 'ते' लावून वाक्ये तयार करा.

उपक्रम : सारख्या आकाराच्या दोन डब्यांत माती घालून मेथी पेरा. एका डब्याच्या तळाला भोके पाडा, दुसऱ्याला पाडू नका. रोपे बोटभर उंच झाली, की दोन्ही डब्यांत रोज भरपूर पाणी घाला. दोन आठवडे काय दिसते, ते तारीखवार वहीत लिहा. शेवटी दोन्ही डब्यांतील एक एक रोप उपटून मुळांचा रंग आणि वास पाहा. कारण वर्गात सांगा.